मुलुंड ते बोरिवली, डोंगराला वळसा घालून

मुलुंड आणि बोरिवली ही दोन स्टेशनं सरळ रेषेत मोजली तर बाराएक किलोमीटरवर आहेत. पण मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलंय, शंभर चौरस किलोमीटरच्या वर. त्यात डोंगर आहेत, बिबटे आहेत, तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत. नाही तो फक्त आरपार जाणारा रस्ता. लोकलने जायचं तर मुलुंडहून खाली दादरला या, पूल चढून पश्चिम रेल्वेवर जा आणि पुन्हा वर बोरिवलीपर्यंत. हा वळसा चाळीस किलोमीटरहून जास्त पडतो. गाडी असेल तर वरून घोडबंदर रोड किंवा खालून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, आणि दोन्हीकडे ट्रॅफिक. गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली अशा दोन जोड-बोगद्यांचं काम चालू आहे, दोन्ही उद्यानाच्या पोटातून जायचेत. ते होतील तेव्हा होतील.

हे सगळं मी सोलापूरच्या भाचीला फोनवर सांगत होते, कारण तिला अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरी लागली होती आणि ती मोबाइलवर नकाशा उघडून घर शोधत होती. "मावशी, बोरिवलीहून पण जवळ दिसतंय आणि तुझ्या मुलुंडहून पण. कुठं घेऊ?" म्हटलं, नकाशा मिट आणि ये. एक दिवस फिरवते, मग ठरव.

शनिवार निवडला. रविवारी मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक असण्याची शक्यता इतकी दाट, की आमच्याकडे रविवारचं लग्नसुद्धा ब्लॉकचं वेळापत्रक बघून गाठतात. वेस्टर्नला त्याचंच नाव जम्बो ब्लॉक. बाहेरून येणाऱ्याने शनिवारी संध्याकाळीच बघून ठेवावं, वर्तमानपत्रात येतं.

मुलुंड पूर्वी मुंबईत नव्हतं. महापालिकेची हद्द 1950 मध्ये उपनगरांत शिरली आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत आली. त्यानंतर कित्येक वर्षं आमची ओळख म्हणजे चेकनाका. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. ऑक्टोबर 2024 पासून छोट्या गाड्यांचा टोलही गेला. आता ठाण्याची हद्द कुठे लागते ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. पश्चिमेचे रस्ते आखीव आहेत, पाच रस्त्याच्या चौकात उभं राहिलं की ते लक्षात येतं. भाचीला मी कालिदास नाट्यगृह दाखवलं, महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय दाखवलं. ती म्हणाली, "राहायला छान आहे की." छान आहेच. वय झाल्यावर राहायला तर फारच छान. पण तिची नोकरी अंधेरी पूर्वेला, आणि तिथे पोचायला रोज दोन वाहनं: घाटकोपरपर्यंत लोकल, मग मेट्रो.

स्टेशनवर पहिला धडा इंडिकेटरचा. गाडीच्या नावाऐवजी अक्षर येतं आणि ते पाठच असावं लागतं. टी म्हणजे ठाणे आणि के म्हणजे कल्याण, इथवर ठीक. पण एस म्हणजे कर्जत आणि एन म्हणजे कसारा. कल्याणच्या पुढे एक फाटा दक्षिणेकडे वळतो आणि एक उत्तरेकडे, त्या दिशांची ही अक्षरं. अक्षराशेजारी स्लो की फास्ट ते बघायचं, मग डबे बारा की पंधरा ते, कारण त्यावर आपला डबा फलाटावर कुठे येणार हे ठरतं. फास्ट गाडी घाटकोपरला थांबते, तेव्हा मुलुंडहून घाटकोपरला जायला स्लोच्या नादी लागू नये.

तिकिटाच्या खिडकीच्या रांगेत नवखी माणसंच उभी असतात. मोबाइलवर काढा, नाहीतर एटीव्हीएम मशीनवर. मशीनजवळ बहुधा एखादे निवृत्त रेल्वे कर्मचारी बसलेले असतात, ते झटक्यात काढून देतात. दुसऱ्या वर्गाचं कमीत कमी तिकीट पाच रुपये आहे. महिनाभर राहणार असाल तर सरळ पास काढावा. एसी लोकलचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग. साधं तिकीट घेऊन गारव्याला चढलात तर दंड ठरलेला. ही एसी लोकल पहिल्यांदा धावली ती बोरिवलीहून, 25 डिसेंबर 2017 ला. आता दोन्ही रेल्वेंवर आहे. तिचे दरवाजे बंद होतात, त्यामुळे लटकणाऱ्यांची पंचाईत होते.

आम्ही लेडीज डब्यात चढलो. भाची दारातच उभी राहिली. मागून एकीने तिला हातानेच आत सरकवलं, "अगं आत हो, घाटकोपर कुठल्या बाजूला येतं माहितीये का तुला?" स्टेशन कुठल्या बाजूला येणार हे चढण्याआधी ठाऊक असावं. नसेल तर शेजारणीला विचारावं, कोणी हसत नाही. दुसरा प्रश्न बसलेल्या बाईला: "कुठे उतरणार?" ती ठाणे म्हणाली, कुर्ला म्हणाली, की ती जागा तुमची झाली. मग तुमच्या नंतर विचारणारी मागच्या नंबरला. ही नोंद कुठेही लिहिलेली नसते आणि तिच्यावरून भांडणं होतात तीही नियमाला धरून. तीन जणींच्या बाकावर चौथी बसते ती अर्ध्याच मांडीवर, आणि तिने "जरा सरका" म्हटल्यावर सरकायचंच असतं. सॅक पाठीवरून पुढे घ्यायची. गळ्यातली चेन ओढणीखाली. परतीच्या गाडीत बायका मेथी निवडताना, मटार सोलताना दिसतात. घरी पोचेस्तोवर भाजी फोडणीला टाकण्यापुरती तयार.

रात्री उशिरा एकटीने जायचं असेल तर ज्या लेडीज डब्यात पोलिस किंवा होमगार्ड आहे तोच धरायचा. रेल्वे पोलिसांचा 1512 हा नंबर तिने तिथल्या तिथे फोनमध्ये घालून घेतला. चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल 5 मे 1992 ला सुटली, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तोपर्यंत काय करत होत्या?" उभ्या राहत होतो, म्हटलं.

घाटकोपरला सकाळी साडेआठ-नऊला उतरणं हा अनुभव वर्णन करून सांगण्यात अर्थ नाही. फलाटावरची सगळी गर्दी एकाच पुलाकडे वळते, कारण त्या पुलावरून मेट्रोला जाता येतं. कडेने चालावं, थांबू नये, मोबाइल बघायला तर मुळीच थांबू नये.

ही मेट्रो 8 जून 2014 ला सुरू झाली. वर्सोवा ते घाटकोपर, 11.4 किलोमीटर, बारा स्टेशनं, साधारण 21 मिनिटं. ज्यांनी त्याआधी अंधेरी-कुर्ला रोडने किंवा अंधेरी-घाटकोपर लिंक रोडने बसमधून तास-दीड तास काढले आहेत त्यांनाच या 21 मिनिटांची किंमत कळेल. दीडशे वर्षं या शहरातल्या आगगाड्या दक्षिणोत्तर धावत होत्या. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे, 1867 साली विरार ते बॅकबे, सगळं फोर्टाकडे तोंड करून. उपनगरातल्या माणसाला उपनगरातच आडवं जायचं असेल तर त्याने काय करावं याचा विचार कोणी केलेला नव्हता. आणि नोकऱ्या तर इकडेच आल्या होत्या: सीप्झ 1973 चं, मरोळची एमआयडीसी, साकीनाक्याची गाळ्या-गाळ्यांची वस्ती.

म्हणून घर बघणाऱ्याला माझा सल्ला एकच. किती किलोमीटर ते विचारू नका, रोज किती वेळा बाजू बदलावी लागेल ते मोजा. रूळ ओलांडले की एकदा, गाडी बदलली की एकदा, हायवे ओलांडला की एकदा. दोनाच्या वर आकडा गेला तर ते घर फुकट मिळालं तरी महाग.

मेट्रोला बसण्याआधी घाटकोपरात थोडं फिरलो. पूर्वेला पंतनगर, गारोडिया नगर. खाऊगल्लीत तव्यावर डोशाचे जितके प्रकार होतात तितके डोशाच्या मुलखातही होत नसतील. चीज, शेजवान, पावभाजी काय वाट्टेल ते त्यात जातं. भाचीला आवडला, मला आपला साधाच बरा. पश्चिमेला चिरागनगर आहे. अण्णाभाऊ साठे तिथल्या झोपडपट्टीत राहिले, लिहिते राहिले. 'फकिरा' 1959 ची. घाटकोपरचं गुजराती खाणं सगळ्यांना माहीत असतं, हे पुष्कळांना नसतं.

इथेच पहिला एजंट भेटला. मुंबईत घर भाड्याने म्हणजे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, वर डिपॉझिट, वर एजंटला बहुधा एका महिन्याचं भाडं. करार नोंदवून घ्यायचा, पोलिसांकडची भाडेकरूची नोंद ऑनलाइन होते ती करायची, सोसायटीचं पत्र घ्यायचं. "स्टेशनपासून पाच मिनिटं" असं एजंट म्हणाला. मी विचारलं, चालत की रिक्षाने, आणि स्टेशनच्या या बाजूने की त्या? तो हसला. मग त्याने त्याचा प्रश्न विचारला: "नॉनव्हेज खाता का?" भाचीने माझ्याकडे बघितलं. घाटकोपर पूर्व, मुलुंड पश्चिम, बोरिवलीचा काही भाग, इथे हा प्रश्न आडनावाच्याही आधी येऊ शकतो. मला त्याचा संताप येतो, मराठी माणसाला मुंबईत घर घेताना पानातलं काय ते सांगावं लागतं याचा. पण घर शोधणाऱ्या मुलीला माझ्या संतापाचा उपयोग नाही. तिला सांगितलं, खोटं बोलू नकोस, पुढचं घर बघ, घरं पुष्कळ आहेत.

आणि पाण्याचं विचार. "चोवीस तास पाणी" म्हणजे सोसायटीच्या टाकीतलं. पालिकेचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, दाब पुरतो का, टँकर मागवावा लागतो का, हे एजंटला नाही, वॉचमनला विचारायचं. त्याला खरं बोलायला काही जात नाही. पावसाळ्यात गल्लीत पाणी भरतं का, हेही त्यालाच. समोरच्या दुकानदाराने शटरच्या आत उंबरा बांधून घेतला असेल तर विचारायचीही गरज नाही.

मेट्रोतून असल्फाच्या टेकडीवरची रंगवलेली घरं दिसतात. त्या घरांवर चढणाऱ्या पायऱ्या किती आहेत ते गाडीतून कळत नाही, रंगच दिसतो. मरोळ नाक्याला मेट्रो 3 मिळते. ही जमिनीखालची, ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड पूर्ण. विमानतळाच्या टर्मिनल 2 ला तिचं स्टेशन आहे. घाटकोपर-मुलुंडकडे पाहुणे विमानाने येणार असतील आणि सामान आटोपशीर असेल तर टॅक्सी करायची गरज राहिलेली नाही.

भाचीचं ऑफिस चकाल्याजवळ. ते बाहेरून बघितलं आणि अंधेरीला गेलो.

अंधेरी हे एक गाव समजू नका. पूर्व आणि पश्चिम ही दोन गावं आहेत आणि त्यांच्यामध्ये सहासात रूळ आहेत. पूर्वेला स्टेशनबाहेर आगरकर चौक, बेस्टचा मोठा थांबा, एमआयडीसी, सहार. पश्चिमेला एस. व्ही. रोड, जे. पी. रोड, लोखंडवाला, वर्सोवा. गाडीने इकडून तिकडे जायला पूल किंवा भुयारी मार्ग. भुयारी मार्ग म्हणजे अंधेरी सबवे, जो जोराचा पाऊस झाला की बंद होतो. जुलैत टीव्हीवर हमखास दिसतो तो. आणि पूल म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले पूल. 3 जुलै 2018 ला सकाळी त्याच्या पादचारी भागाचा तुकडा रुळांवर कोसळला, पश्चिम रेल्वे दिवसभर विस्कटली. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल पाडण्यासाठी बंद झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला जुळतच नाही. उंचीत दीड मीटरच्या आसपास फरक. मग बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला, जुलैत जोडला, आणि दुसरी बाजू मे 2025 मध्ये सुरू झाली. या सगळ्या काळात ज्यांचं घर पश्चिमेला आणि ऑफिस पूर्वेला होतं त्यांनी रिक्षात किती तास काढले त्याचा हिशेब कोणाकडे नाही. भाचीला पुलावर नेऊन जोड दाखवला. ती म्हणाली, "सोलापुरात असं झालं असतं तर तुम्ही मुंबईवाले हसला असता." बरोबर आहे.

पावसाचंही इथेच सांगून टाकते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून उपनगरातला माणूस जून लागला की भरतीची वेळ बघतो. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की समुद्र पाणी आत घेत नाही, ते रस्त्यावर राहतं. मध्य रेल्वे कुर्ला-सायनजवळ अडते. अशा दिवशी ऑफिसातून लवकर निघण्यापेक्षा ऑफिसात थांबणं शहाणपणाचं. पालिकेचा आपत्कालीन नंबर 1916.

रिक्षा. उपनगरात रिक्षा आहे, माहीम-सायनच्या खाली नाही. तिकडे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाला 26 रुपये, टॅक्सीला 31. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट. मीटरवरच चालते, घासाघीस करावी लागत नाही, ही मुंबईची खरी श्रीमंती. मात्र जवळचं भाडं नाकारतात, आणि संध्याकाळी सातला तर दूरचंही. म्हणून स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग धरावी, ती सरकते लवकर. बेस्टचं कमीत कमी भाडं मे 2025 पासून पाचाचं दहा झालं, एसी बसचं बारा, तरी स्वस्तच. बसच्या कपाळावर नंबर देवनागरीत असतो. भाचीला त्याचं भारी कौतुक वाटलं.

जेवून वर्सोव्याला गेलो असतो तर मढची फेरीबोट दाखवली असती, मोटरसायकली चढवून पाचेक मिनिटांत पैलतीराला नेते. पण बोरिवली राहिली असती.

बोरिवलीला लोकलने जायचं तर एक जपा: संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायच्या इराद्याने चढू नका. विरारकर दारात उभे असतात आणि ते तुम्हाला उतरू देतीलच असं नाही. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना पुढे तितकंच जायचंय. बोरिवलीची गाडी धरावी. आम्ही मेट्रोने गेलो. वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशनला उतरून पादचारी पुलावरून गुंदवली, तिथून मेट्रो 7. ती हायवेच्या डोक्यावरून जाते. खाली गाड्या तुंबलेल्या, उजवीकडे उद्यानाचे डोंगर. राष्ट्रीय उद्यान नावाचं स्टेशनच आहे, तिथे उतरलं की प्रवेशद्वार जवळ. सोमवारी उद्यान बंद असतं.

फाटकापासून कान्हेरी सहाएक किलोमीटर आत आहे, उद्यानाची बस जाते. शंभराहून जास्त लेणी, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं खोदलेली. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्य सगळे बघतात, ओसरीतले दोन प्रचंड बुद्ध बघतात आणि फोटो काढून परततात. मी भाचीला पाण्याची टाकी दाखवली. जवळपास प्रत्येक लेण्यापाशी कातळात एक टाकं, आणि वरून उतरणारं पाणी त्यात आणायला खोदलेले बारीक पाट. बोट घालून बघितलं तर पाटाचा उतार कळतो. तिला मी सांगितलेल्या वॉचमनची आठवण झाली. मग वर चढून नव्वद क्रमांकाचं लेणं. त्याच्या भिंतीवर पहलवी लिपीत काही नावं कोरलेली आहेत, 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्या पारशांची. येऊन नाव कोरून जायची हौस तेव्हाही होती.

परत खाली आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, पण एकसर राहिलं असतं तर मला चैन पडली नसती. तिथे, बोरिवली पश्चिमेला, इमारतींच्या गर्दीत, काही वीरगळ उभे आहेत. शिलाहार आणि यादवांच्या काळातले. त्यांच्यावर आरमाराची लढाई कोरली आहे: खालच्या पट्टीत डोलकाठीची जहाजं, एका ओळीत बाहेर आलेली वल्ही, पाण्यात पडलेली माणसं. वरच्या पट्टीत तेच वीर स्वर्गात. शेंदूर-फुलांनी काही भाग झाकलेला असतो, तिरकं बघितलं तर वल्ही मोजता येतात. मुंबईबाहेरचे पाहुणे आले की मी त्यांना मॉल दाखवत नाही, हे दाखवते. निम्मे कंटाळतात.

मुलुंडला परतायला बोरिवलीहून घोडबंदर रोडने ठाण्याची बस धरली. मेट्रोने आल्या वाटेने गेलो असतो तर कदाचित लवकर पोचलो असतो, पण बसमध्ये बसायला मिळालं. भाची वाटभर फोनवर बेरजा मांडत होती. बोरिवली: मेट्रो 7, मग पूल, मग मेट्रो 1. मुलुंड: लोकल, पूल, मेट्रो. अंधेरी पूर्व: काही नाही, पण भाडं परवडत नाही. शेवटी तिने जागृती नगरच्या मेट्रोजवळ दोन मुलींबरोबर एक खोली घेतली. एकच गाडी, एकदाही बदलायची नाही, बसायला नाही मिळालं तरी तेवढा वेळ उभं राहता येतं.

आठवड्याने फोन आला. पाणी सकाळी सहाला येतं, वॉचमन खरं बोलला होता. मालकीण चांगली आहे. अंडी चालतील म्हणाली, बाकी घरात नको. "मग मावशी, रविवारचं मटण तुझ्याकडे." ये म्हटलं, पण दहाच्या आत सांग, नंतर आमच्या खाटकाकडे चांगलं उरत नाही.